सीमेवरचा उद्योग (भाग 5) : कंपनी कोणाकडून नोंदवून घ्यावी?

आदिलाबादच्या बाजारपेठेत कापूस, सोयाबीन आणि डाळींचे बरेच व्यवहार वर्षानुवर्षे भागीदारीत किंवा एकट्या मालकाच्या नावावर चालत आले आहेत. आता घरातली मुलं ‘प्रायव्हेट लिमिटेड’ काढायचं म्हणतात. मोबाइलवर शोधलं की अमुक रुपयांत कंपनी उघडून देण्याच्या जाहिराती समोर येतात. झोल्विट (पूर्वीचं वकीलसर्च), इंडियाफायलिंग्स अशा सेवा देशभर हे काम करतात. त्यांची मदत घेण्यात गैर काहीच नाही, पण पैसे कशाचे द्यायचे हे आधी कळायला हवं.

सेवा कोणतीही घेतली तरी अर्ज एकच असतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये ‘स्पाइस प्लस’ हा अर्ज आणला. नाव, नोंदणी, पॅन, टॅन, भविष्य निर्वाह निधी, बँक खातं आणि हवा असल्यास जीएसटी, हे सगळं त्याच अर्जातून होतं. छाननी मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्रात होते, म्हणून ‘हैदराबादला आपली ओळख आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये. अधिकृत भांडवल 15 लाखांपर्यंत असेल तर मंत्रालयाचं नोंदणी शुल्क शून्य असतं. उरतं ते मुद्रांक शुल्क, पॅन-टॅनची किरकोळ फी आणि डिजिटल स्वाक्षरीचा खर्च. सरकारी खर्च आणि स्वतःची फी वेगवेगळी लिहून न देणारी सेवा सरळ नाकारावी.

सीमेवरच्या माणसाचा खरा पेच पत्त्याचा आहे. घर तेलंगणातल्या बेल्यात, गोदाम पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रातल्या पांढरकवड्यात, मग नोंदणीकृत कार्यालय कुठलं दाखवायचं? ज्या राज्याचा पत्ता द्याल, त्या राज्याच्या कंपनी निबंधकाकडे कंपनी जाते. पुढे राज्य बदलायचं ठरलं तर विशेष ठराव, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि केंद्र सरकारची मंजुरी एवढा व्याप होतो. जीएसटीही राज्यवार असतो. तेलंगणाचा क्रमांक 36 ने सुरू होतो, महाराष्ट्राचा 27 ने. दोन्हीकडून माल विकणार असाल तर दोन्हीकडे नोंदणी लागते. दूरच्या शहरातल्या सेवेला हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावा. गोंधळलेलं उत्तर आलं तर आदिलाबादचा किंवा यवतमाळचा सनदी लेखापाल गाठणं शहाणपणाचं.

अर्जावर कंपनी सचिव, सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल किंवा वकील यांपैकी एकाचं प्रमाणन लागतं. तो कोण आहे, हे नावानिशी विचारून घ्यावं.

प्रमाणपत्र हाती पडल्यावरच खरं काम सुरू होतं. पहिला लेखापरीक्षक 30 दिवसांत नेमावा लागतो. भागधारकांनी भांडवल भरल्याची घोषणा 180 दिवसांत करावी लागते. ती चुकली तर कायद्यात कंपनीला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. वार्षिक ताळेबंद आणि विवरणपत्र उशिरा भरलं की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये चढत जातात, व्यवसाय एक रुपयाचा झालेला नसला तरी. स्वस्त पॅकेजमध्ये ही कामं असतीलच असं नाही.

डिजिटल स्वाक्षरीचं टोकन आणि पासवर्ड कोणाच्याही हाती ठेवू नका. कंपनीच्या नोंदीत ई-मेल आणि मोबाइल स्वतःचाच द्या. लघुउद्योगांच्या ‘उद्यम’ नोंदणीसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे. आणि सही करण्याआधी पहिल्या दोन वर्षांचा सगळा खर्च लेखी मागून घ्या.