जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवं इंजिन: 'इंजिन स्वॅप' नक्की कसं करतात?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर गाड्यांचे व्हिडिओ बघत असाल तर हे दृश्य तुमच्यासमोर आलंच असेल. १९७० च्या आसपासची एक देखणी स्पोर्ट्स कार, बॉनेट उघडलं की आत चकचकीत व्ही८ इंजिन, आणि खाली कॅप्शन: 'एलएस स्वॅप'. तीस सेकंदांत जुनं इंजिन बाहेर, नवं आत आणि गाडी टायरचा धूर काढत पसार!

त्या तीस सेकंदांत जे दाखवत नाहीत, तेच मला जास्त रंजक वाटतं. इंजिन उचलून आत ठेवणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. खरी कसरत पुढे आहे. इंजिनच्या कॉम्प्युटरला परक्या घरात नांदायला लावायचं आणि बाकीची गाडी त्या ताकदीला पुरेल अशी करायची. हे सगळं आपण एकाच गाडीच्या उदाहरणावरून समजून घेऊया.

आपली गाडी आणि आपलं इंजिन

गाडी आहे जपानची डॅटसन २४०झेड. निसानने ती १९६९ मध्ये जाहीर केली आणि अमेरिकेत सुमारे साडेतीन हजार डॉलर्सना विकली. लांब बॉनेट, दोन सीट आणि वजन जेमतेम एक टनाच्या आसपास. आत २,३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन कार्बोरेटर आणि कागदावर १५१ एचपी.

इंजिन आहे जनरल मोटर्सचं एलएस१. ५.७ लिटरचं हे व्ही८ १९९७ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये आलं, तेव्हा ते ३४५ एचपी देत होतं. पुढे १९९८ ते २००२ च्या कॅमेरोमध्येही तेच इंजिन थोड्या कमी ताकदीत मिळालं. अपघातात गेलेल्या कॅमेरोमधून इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि कॉम्प्युटर असा अख्खा संच काढून घेता येतो. अशा गाडीला 'डोनर कार' म्हणतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. १५१ आणि ३४५ हे आकडे सरळ शेजारी ठेवून चालत नाही. त्या काळी अमेरिकेत 'ग्रॉस' एचपी सांगायचे, म्हणजे इंजिन टेबलावर, एअर फिल्टर किंवा गाडीचा सायलेन्सर न लावता मोजलेलं. आताचा 'नेट' आकडा सगळं जोडून मोजतात. म्हणजे प्रत्यक्षातला फरक कागदापेक्षाही मोठा आहे.

ही कल्पना काही आजची नाही. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीने एसी एस या ब्रिटिश गाडीत फोर्डचं व्ही८ बसवलं आणि त्यातूनच प्रसिद्ध कोब्रा तयार झाली.

एवढं मोठं इंजिन आत मावतं कसं?

५.७ लिटर म्हटलं की अवाढव्य काहीतरी डोळ्यांसमोर येतं. पण एलएस१ ची रचना हुशारीची आहे. आजच्या बऱ्याच व्ही८ इंजिनांत व्हॉल्व्ह उघडझाप करणारे चार कॅमशाफ्ट वर, सिलिंडर हेडमध्ये असतात. त्यामुळे इंजिन रुंद आणि उंच होतं. एलएस१ मध्ये एकच कॅमशाफ्ट आहे आणि तो खाली, इंजिन ब्लॉकच्या आत बसतो. तिथून लांब दांड्या, म्हणजे पुशरॉड, वरच्या व्हॉल्व्हपर्यंत जातात. त्यामुळे इंजिन आटोपशीर राहतं. शिवाय ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, तर २४०झेडच्या मूळ इंजिनचा ओतीव लोखंडाचा. म्हणून सिलिंडर वाढले तरी गाडीचं नाक फारसं जड होत नाही.

तरीही मापं जुळवावी लागतातच. इंजिन धरायला नवे माउंट लागतात. ऑइल पॅन पुढच्या आडव्या बीमला आणि एक्झॉस्टचे पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला घासता कामा नयेत. गिअरबॉक्स बदलला की प्रोपेलर शाफ्टही नव्या लांबीचा करून घ्यावा लागतो. आता या कामासाठी तयार किट मिळतात, म्हणून हा भाग पूर्वीइतका डोकेदुखीचा राहिलेला नाही.

पेट्रोल पोचवायचं कसं?

कार्बोरेटरला पेट्रोल जवळपास ओतल्यासारखं मिळालं तरी चालतं. तिथला दाब पाव बार, फार तर थोडा जास्त. एलएस१ च्या इंजेक्टरना मात्र सुमारे ४ बार लागतात, म्हणजे साधारण सोळा पट. त्यामुळे जुना यांत्रिक पंप काढून इलेक्ट्रिक पंप, जास्त दाब सोसणारे पाइप आणि फिल्टर बसवावे लागतात. जुन्या टाकीत वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं. पंपाने त्या क्षणी हवा ओढली तर इंजिन अडखळतं. त्यासाठी टाकीत आडपडदे टाकतात किंवा शेजारी छोटी वेगळी टाकी जोडतात. पन्नास वर्षं जुना रबरी पाइप तसाच ठेवला तर काय होईल, हे सांगायला नको. आग लागायला एक गळती पुरते.

खरा खेळ ईसीयूचा

२४०झेडमध्ये कॉम्प्युटर नावाची गोष्टच नाही. एलएस१ मात्र ईसीयूशिवाय, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशिवाय, एक ठिणगीही टाकत नाही. क्रँकशाफ्ट कुठल्या कोनात आहे, हवा किती येतेय, पाणी किती तापलंय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे सगळं सेन्सर सांगतात. ईसीयू त्याच्याकडच्या तक्त्यांत बघून ठरवतो की किती पेट्रोल सोडायचं आणि आठपैकी कुठल्या कॉइलला कधी ठिणगी टाकायला लावायची.

आता गंमत बघा. कॅमेरोमध्ये चोरीपासून बचावाची यंत्रणा होती. तिचा 'किल्ली बरोबर आहे' असा सिग्नल आला नाही, तर ईसीयू पेट्रोलच तोडतो. २४०झेडमध्ये ती यंत्रणा कुठून येणार? म्हणून एचपी ट्यूनर्ससारख्या सॉफ्टवेअरने ईसीयूमध्ये शिरून ती तपासणी बंद करावी लागते. एका कंपनीचा लॉक असलेला फोन दुसऱ्या सिमवर चालवण्याआधी अनलॉक करतो ना, जवळपास तसंच.

मग येतो डॅशबोर्ड. जुन्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून येणाऱ्या फिरत्या केबलवर चालतो, नवा गिअरबॉक्स इलेक्ट्रिक सिग्नल देतो. दोघांची भाषाच वेगळी. मधे एक कन्व्हर्टर लावतात किंवा सरळ जीपीएसवर चालणारा मीटर बसवतात.

याचा एक मस्त फायदाही आहे. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ पोर्ट सक्तीचा झाला, आणि एलएस१ चा ईसीयू ती भाषा बोलतो. वायरिंगमध्ये तो पोर्ट ठेवला, त्यात ब्लूटूथ ॲडॉप्टर लावला, की १९७० च्या गाडीच्या इंजिनाचं तापमान तुमच्या फोनवर दिसतं!

सगळ्यात महत्त्वाचं: थांबायचं कसं?

साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच. मूळ इंजिनचा टॉर्क सुमारे २०० न्यूटन मीटर, एलएस१ चा ४५० च्या घरात. हा सगळा जोर मागच्या डिफरन्शिअलवर येतो. २४०झेडच्या डिफरन्शिअलचं नाव आर१८०, कारण त्यातल्या मोठ्या गिअरचा व्यास १८० मिलिमीटर. स्वॅप करणारे बहुतेक जण निसानचाच मोठा आर२०० बसवतात. रेडिएटरही मोठा लागतो.

आणि ब्रेक. या गाडीला मागे मुळात ड्रम ब्रेक आहेत. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. १०० ऐवजी १४० च्या वेगात असाल, तर ब्रेकना जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. टायर आणि सस्पेन्शनचंही तेच. माझ्या मते ज्या स्वॅपमध्ये इंजिनच्या आधी ब्रेकचा विचार झालेला नाही, तो अर्धवट स्वॅप आहे, मग आवाज कितीही भारी असो.

कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे. २४०झेड त्यात बसते, हेही तिच्या लोकप्रियतेचं एक कारण. ब्रिटनमध्ये मोठे बदल केलेल्या गाडीला जुना नंबर ठेवण्यासाठी गुणांची पद्धत होती. मूळ बॉडीला ५ गुण आणि इंजिनला फक्त १! म्हणजे तिथे इंजिन बदलण्यापेक्षा बॉडी कापणं महागात पडायचं.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे घरातल्या जुन्या गाडीवर हा प्रयोग करायचा विचार असेल, तर आधी आरटीओ, मग गॅरेज.

कायद्याने एक दार मात्र उघडं ठेवलंय: दुसऱ्या इंधनावर किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठीचा बदल. त्यासाठी मान्यताप्राप्त किट लागतं, आणि अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे. जुन्या गाडीला नवं हृदय देण्याचा हा आपल्याकडचा सरळ मार्ग.

तर पुढच्या वेळी 'एलएस स्वॅप'चा व्हिडिओ आला की आवाजावर भुलू नका. चाकांच्या आड डोकावून बघा, ब्रेक बदललेत का ते. काम कोणी मन लावून केलंय आणि कोणी फक्त व्हिडिओसाठी, ते तिथेच कळतं.