मुष्टियोद्ध्याची थोरवी कशी मोजावी?

मुष्टियुद्धाविषयी दोन विद्यार्थी वाद घालू लागले की त्यांतील एकजण हटकून म्हणतो, "माझा वीर एकदाही हरलेला नाही, तुझा हरला आहे. मग प्रश्नच कुठे उरतो?" हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. आम्हां शिक्षकांना तर तो विशेष गोड वाटावा. कारण गुणांची बेरीज करून मुलांचे क्रमांक लावण्यात आमचे अर्धे आयुष्य जाते. परंतु मुष्टियुद्धाच्या बाबतीत हा हिशेब बहुधा फसवा ठरतो.

अमेरिकेचा रॉकी मार्सियानो १९५६ साली निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ४९ लढती आणि ४९ विजय होते. ही कामगिरी खचित असामान्य आहे. तथापि, १९५२ च्या सप्टेंबरात जर्सी जो वॉलकॉटशी झालेली त्याची लढत पाहा. पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली पडला; पुढे बारा फेऱ्या संपेपर्यंत तो गुणांत मागे होता. तेराव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताचा एकच ठोसा वॉलकॉटच्या जबड्यावर बसला आणि मार्सियानो जगज्जेता झाला. तो ठोसा चार बोटे हुकला असता तर नोंदीतले शून्य बहुधा पुसले गेले असते. पण मार्सियानोचे बळ, धैर्य आणि चिकाटी यांत तिळमात्रही उणे झाले नसते. शिवाय त्याने १९५१ साली ज्या जो लुईला हरविले, तो ३७ वर्षांचा होता. वॉलकॉट ३८ वर्षांचा. मार्सियानोचा यात काही दोष नाही. समोर येईल त्याच्याशीच लढावे लागते. परंतु शून्याच्या मागे कोण उभे होते, हे विचारणे आपले काम आहे.

काळ बदलला की त्या शून्याची किंमतही बदलते. हॅरी ग्रेब हा १९१३ ते १९२६ या काळातला योद्धा. तेरा वर्षांत तो सुमारे ३०० लढती लढला, आणि त्यांतल्या शेवटच्या काही वर्षांत त्याचा एक डोळा निकामी झालेला होता. त्या काळी अमेरिकेच्या कित्येक भागांत गुणांवर निर्णय देण्यास कायद्याने बंदी होती. दोघेही अखेरपर्यंत उभे राहिले तर अधिकृत निकालच नसे. कोण जिंकले ते दुसऱ्या दिवशी वार्ताहर आपापल्या मताप्रमाणे छापत, आणि दोन वृत्तपत्रांचे एकमत होईलच असे नव्हते. अशा माणसाचे पराभव नेमके किती मोजणार? त्याच्या लढतीची एकही चित्रफीत आज उपलब्ध नाही. परंतु पुढे जॅक डेम्प्सीला दोनदा हरविणारा जीन टनी आपल्या साऱ्या कारकिर्दीत एकदाच हरला, आणि तो १९२२ साली ग्रेबकडून, एवढी एक गोष्ट ग्रेबविषयी पुष्कळ सांगून जाते. टनीविषयीही सांगते, कारण त्या रक्तबंबाळ पराभवानंतर तो ग्रेबशी आणखी चार वेळा लढला.

याच्या शेजारी फ्लॉइड मेवेदर ठेवू. १९९६ ते २०१७ या काळात ५० लढती, ५० विजय. बचावाच्या कलेत त्याच्या तोडीचे योद्धे फार थोडे झाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एकवीस वर्षांत ५० लढती म्हणजे प्रत्येक लढतीपूर्वी महिनोन् महिने तयारी व विश्रांती. पूर्वी जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे, आता ती १२ फेऱ्यांची असते. वजनगट आठ होते, ते आता दुपटीहून अधिक झाले आहेत, आणि अजिंक्यपदे देणाऱ्या संस्थाही चार आहेत. दर पंधरवड्यास लढणाऱ्या ग्रेबला जो पराभव टाळणे अशक्यच होते, तो आज प्रतिस्पर्धी व वेळ निवडून टाळता येतो.

म्हणून पराभवांची संख्या विचारण्याऐवजी प्रत्येक पराभवाची चौकशी करावी, असे मला वाटते. तो कोणाकडून झाला, कोणत्या वयात, किती वजनाच्या माणसाकडून, आणि हरल्यानंतर त्या योद्ध्याने काय केले? जो लुईला १९३६ साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने बाराव्या फेरीत लोळविले. डावा ठोसा मारल्यावर लुईचा हात खाली येतो, हे श्मेलिंगने हेरले होते. दोन वर्षांनी लुईने त्याच श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपविले. मुहम्मद अलीला १९८० पूर्वी तिघांनी हरविले: फ्रेझियर, नॉर्टन आणि स्पिंक्स. त्या तिघांनाही त्याने पुढे हरविले. त्यानंतरचे दोन पराभव वयाच्या अडतिसाव्या व एकोणचाळिसाव्या वर्षांचे आहेत.

आता ज्याला अनेक जाणकार सर्व काळांतला श्रेष्ठ मुष्टियोद्धा मानतात, त्या शुगर रे रॉबिन्सनची नोंद उघडू. दोनशेच्या घरात लढती, आणि पराभव एकोणीस! केवळ आकडा पाहणारा मुलगा येथेच वही मिटवील.

पहिला पराभव १९४३ च्या फेब्रुवारीत, जेक लामोटाकडून. त्यापूर्वी रॉबिन्सन सलग ४० लढती जिंकला होता. लामोटाचे वजन त्याच्याहून सुमारे १६ पौंडांनी अधिक होते. तीनच आठवड्यांनी, मध्ये आणखी एक लढत जिंकून, रॉबिन्सनने लामोटाला हरविले. एकंदर सहा वेळा ते भेटले. पाच वेळा रॉबिन्सन जिंकला. त्यानंतर आठ वर्षांहून अधिक काळ त्याला कोणी हरवू शकले नाही. दुसरा पराभव १९५१ च्या जुलैत लंडनला, युरोपच्या दौऱ्याअखेर, रँडी टर्पिनकडून. दोन महिन्यांत न्यूयॉर्कला त्याची परतफेड झाली. तिसरा पराभव सर्वांत विलक्षण. १९५२ च्या जूनमध्ये रॉबिन्सन वरच्या गटातील जगज्जेता जोई मॅक्सिम याच्याशी लढला. रिंगणाजवळ उष्णता १०४ अंश फॅरनहाइट होती. दहाव्या फेरीनंतर पंचच कोसळण्याच्या बेतास आला व दुसरा पंच आणावा लागला. रॉबिन्सन गुणांत स्पष्ट पुढे होता. परंतु चौदाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा त्याला जागेवरून उठवेना. साऱ्या कारकिर्दीत त्याची लढत अर्ध्यावर संपली ती एवढी एकच, आणि तीही मॅक्सिमपेक्षा उन्हाळ्याने संपविली असे म्हणावेसे वाटते.

म्हणजे पहिल्या बारा वर्षांत, सव्वाशेहून अधिक लढतींत, तीन पराभव. उरलेले सोळा १९५५ साली निवृत्तीतून परत आल्यानंतरचे आहेत. आणि त्यांतलेही तेरा वयाच्या अडतिसाव्या वर्षानंतरचे. व्यवसायात पैसा बुडाला होता, म्हणून तो परतला. तरीही याच उतारावर त्याने मध्यम वजनगटाचे जगज्जेतेपद आणखी तीन वेळा, एकूण पाच वेळा, मिळविले. १९६५ साली, ४४ वर्षांचा असताना, तो पाच लढती हरला. पोटासाठी रिंगणात उतरलेल्या माणसाचे हे पाच पराभव त्याच्या तारुण्याच्या खात्यावर कसे मांडावयाचे?

त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचा निरोपसमारंभ झाला. ज्यांच्याकडून त्याने जगज्जेतेपद हिसकावून घेतले होते, त्यांपैकी चौघे, टर्पिन, ओल्सन, फुलमर व बॅसिलिओ, त्या रात्री रिंगणात त्याच्या सन्मानार्थ हजर होते. त्यांतील तिघांनी त्याला केव्हा ना केव्हा हरविलेले होते.