पखालजी, नालबंद आणि आमची भाची

दसऱ्याला आमच्या उज्जैनच्या घरी अजून शस्त्रपूजा होते. शस्त्र म्हणजे एकच, बैठकीच्या भिंतीवरची तलवार. वर्षभर तिच्यावर धूळ बसते. आदल्या दिवशी दादा तिला खाली उतरवून राखेने घासतो, वहिनी झेंडूची माळ ओवते आणि पूजा झाली की दादा मुलांना दरवर्षीची गोष्ट सांगतो. आपले मूळपुरुष शिंदेसरकारांच्या फौजेत होते, पानिपतावर लढले, ही तलवार त्यांचीच वगैरे वगैरे. मीही लहानपणी हीच गोष्ट ऐकली, तेव्हा आमचे अण्णा सांगायचे. प्रत्येक पिढीत मारलेले गिलचे थोडे वाढतात एवढंच.

गेल्या वर्षी गोष्ट संपल्यावर भाची म्हणाली, "बाबा, मी एनडीएचा फॉर्म भरतेय." भाची तेव्हा बारावीत होती.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मग वहिनी म्हणाली, "तलवार भिंतीवरच बरी असते गं." आणि आपट्याची पानं घ्यायला आत गेली.

मंडळी, त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी लढवय्यी नाही. सरकारी हिशेब खात्यात बत्तीस वर्षं आकडे जुळवले आणि निवृत्त झाले. पण आपल्यासारख्या घरांत फौजेचा अभिमान इतका आणि फौजेची भीतीही तितकीच, हे कोडं मला सोडवावंसं वाटलं.

तुमच्यापैकी कित्येकांना कॉलेजात कोणीतरी विचारलं असेल की तुम्ही मराठी लोक माळव्यात आलात कसे? नोकरीसाठी, असं आपण सांगतो. ते खरंच आहे, पण ती पहिली नोकरी फौजेची होती. पेशव्यांच्या फौजा माळव्यात उतरल्या, राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणं केलं आणि त्यांच्या मागोमाग आपले लोक आले. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी १७३० च्या दशकात महाकालेश्वराचं मंदिर पुन्हा उभं केलं. आज ज्या शिखरासमोर आपण रांगेत ताटकळतो, ते त्या काळचं. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. तिथे त्यांच्या छावणीचा तळ पडला त्या वस्तीचं नाव आजही 'लष्कर' आहे. तिथे आपले निम्मे नातेवाईक राहतात, आणि पत्त्यात रोज 'लष्कर' लिहिताना त्या शब्दाचा अर्थ कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आता आमच्या मूळपुरुषाची गोष्ट. अण्णा गेल्यावर त्यांच्या पेटीत मोडीतले चार कागद सापडले. मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना ते दाखवले. आम्ही सगळे उत्सुकतेने बसलेलो, त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली: इतकी घोडी, त्यांना चंदी हरभरा इतका, दोर इतके, पखाली इतक्या, नालांचे खिळे इतके. चारही कागदांत हेच. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. आमचे शूर पूर्वज घोड्यांच्या चण्यांचा हिशेब लिहीत होते!

दादाचा चेहरा पडला. मी मात्र मनातून सुखावले, कारण माझं खातं निघालं.

मग मी जरा पुस्तकं चाळली. कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत होता आणि महाराजांच्या मागे, १६९० च्या दशकात, त्याने जिंजीला त्यांची बखर लिहिली. तिच्यात फौजेची बांधणी दिली आहे. पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. हे आपण शाळेत घोकलेलं असतं. पण त्याच जागी आणखी एक तपशील आहे, जो कोणी घोकत नाही. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. एक पाणी वाहणारा, एक नाल ठोकणारा. हे दोघे नसतील तर त्या पंचवीस तलवारी जागच्या हलत नाहीत, हे महाराजांना नेमकं ठाऊक होतं.

गडावरही तसंच. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन बरोबरीचे अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरीपट आणि हिशेब सबनिसाकडे. धान्य आणि सामानाचं कोठार पाहायला कारखानीस. आता आपल्या मंडळाची सभासद-यादी उघडा. सबनीस आहेत, कारखानीस आहेत, पोतनीस (खजिना), चिटणीस (पत्रव्यवहार), पागे आणि पागनीस (घोड्यांची पागा), फडणीस तर विचारूच नका. अर्धी फौज हळदीकुंकवाला येते! यांतल्या सगळ्यांचे पूर्वज फौजेतच होते असं नाही, पण ही आडनावं ज्या कामांवरून पडली, त्या कामांवाचून फौज चालत नसे. आणि गंमत अशी की हुद्द्यांची नावं सैन्यात राहिली आणि आडनावं आपल्याकडे आली. आजच्या भारतीय सेनेतही नाईक, हवालदार आणि सुभेदार आहेतच.

पानिपतावरून आठवलं. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी महादजी शिंदे जखमी होऊन पडले, पायाने कायमचे अधू झाले. त्यांना वाचवलं कोणी? राणेखान नावाच्या भिस्त्याने. त्याने त्यांना आपल्या पाण्याच्या बैलावर घालून बाहेर काढलं, असं सांगतात. महादजींनी त्याला भाऊ मानलं आणि पुढे तो त्यांच्या मोठ्या सरदारांपैकी एक झाला. तो पखालजी त्या दिवशी तिथे नसता तर शिंदेशाहीचा पुढचा इतिहास वेगळा झाला असता, आणि कदाचित आपण उज्जैनला नसतो.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आत्या, हे आजही असंच आहे." आणि तिने वहीत काढलेला तक्ता दाखवला. मला वाटायचं सेना म्हणजे सीमेवर बंदूक घेऊन उभा असलेला जवान. तिच्या वहीत पायदळ आणि रणगाडे एका बाजूला होते. त्यांना साथ देणारे तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स, हवाई संरक्षण दुसऱ्या बाजूला. आणि खाली लांबलचक रांग. आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे रसद. ऑर्डनन्स, म्हणजे कोठार, आपले कारखानीस. ईएमई, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारे. वैद्यकीय. शिक्षण. न्याय. इतकंच काय, रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर आहे, त्यात घोडे, खेचरं आणि कुत्री सांभाळतात. जिथे गाडी जात नाही त्या डोंगरी चौक्यांना खेचरांवरून सामान पोचतं, कारगिललाही पोचलं. म्हणजे नालबंदही अजून नोकरीत आहे. जयपूरला ६१ कॅव्हलरी ही घोड्यावरची पलटण आहे. संस्थानांची घोडदळं एकत्र करून ती १९५३ मध्ये झाली, आणि त्यांत ग्वाल्हेर लान्सर्स, म्हणजे शिंद्यांचे स्वारही होते.

आपल्याला लांब जायला नको, महू जवळ आहे. पायदळाचं इन्फंट्री स्कूल, सिग्नल्सचं एमसीटीई हे दूरसंचाराचं कॉलेज आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचं आर्मी वॉर कॉलेज, तिन्ही तिथेच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचं रौप्यपदक मिळवणारा विजय कुमार सेनेतलाच, महूच्या नेमबाजी केंद्रात तयार झालेला. पण महूचं मोठेपण माझ्या लेखी दुसऱ्याच माणसामुळे आहे. रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या घरी भीमराव जन्मला. पलटणीतल्या त्या मास्तरांच्या घरात वाचनाला केवढा मान होता ते बाबासाहेबांनी पुढे सांगितलंच आहे. फौजेतल्या एका शिक्षकाच्या घरातून देशाच्या संविधानाचा शिल्पकार निघाला.

असं मी उत्साहाने वहिनीला सांगत होते. तिने भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रसद नेणाऱ्याला गोळी लागत नाही का?"

लागते. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान आणि अधिकारी गेले, आणि गोळी हुद्दा विचारून येत नाही. पाणी नेणारा राणेखानही रणांगणातच होता. त्यामुळे 'घाबरू नकोस, तिला हिशेबाचं काम मिळेल' असं वहिनीला सांगणं म्हणजे फसवणूक झाली असती, आणि मी जवळजवळ ती करायला निघाले होते. शिवाय भाचीला हिशेबाचं काम नकोच आहे. तिला तोफखाना हवा आहे. २०२३ मध्ये तोफखान्यात पहिल्या पाच महिला अधिकारी दाखल झाल्या, त्यांचा फोटो तिच्या टेबलावर लावलेला आहे. पायदळ आणि रणगाडे मुलींना अजून बंद आहेत, याचा तिला राग आहे. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये गेली, १९ जणी. त्यांतल्या १७ जणी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडल्या. हे आकडे ती मला परवचा म्हणावा तसे म्हणून दाखवते. मुलींचं हे काय नवीनच, असं दादा एकदा म्हणाला, तेव्हा मी त्याला छत्री चौकात उभं केलं आणि समोरचं गोपाळ मंदिर दाखवलं. ते बांधणाऱ्या बायजाबाई शिंदे पट्टीच्या घोडेस्वार होत्या आणि दौलतरावांच्या मागे त्यांनी काही वर्षं राज्य चालवलं. दादा म्हणाला, "त्या राणीसाहेब होत्या." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एप्रिलमध्ये तिने लेखी परीक्षा दिली आणि पास झाली. मग भोपाळला एसएसबीचं बोलावणं आलं. ही पाच दिवसांची मुलाखत असते, पण पहिल्याच दिवशी चाळणी लागते. आधी बुद्धीच्या चाचण्या, मग एक अंधूक चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि गटात चर्चा करायची. जे चाळणीत गळतात ते त्याच दिवशी घरी. जे उरतात त्यांना पुढे बरंच काही असतं. पंधरा-पंधरा सेकंदांत एकेका शब्दावर वाक्य लिहायचं, असे साठ शब्द, मैदानावर फळ्या आणि दोर घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे, एकट्याची मुलाखत, आणि शेवटी सगळ्या अधिकाऱ्यांसमोर दोन मिनिटं.

ती त्याच दिवशी परत आली. रात्री मी आणि दादा स्टेशनवर गेलो होतो. पाठीवर सॅक, डोळे कोरडे. "गटात सगळे एकदम ओरडत होते, मी वाट बघत बसले," एवढंच बोलली. आपल्या घरात लहानपणापासून 'मोठे बोलत असताना मधे बोलू नये' हे आम्हीच तिला शिकवलं होतं.

घरी वहिनीने गरम खिचडी वाढली. वहिनीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता, दादा नको तितका विनोदी झाला होता आणि मी... मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? दोन महिने राणेखान आणि सभासदाच्या गोष्टी सांगणारी मी, मुलगी नापास होऊन घरी आली म्हणून मनातून सुटकेचा श्वास टाकत होते.

रात्री ती माझ्या खोलीत आली. दिवा न लावताच विचारलं, "आत्या, तुला बरं वाटलं ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ती थोडा वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "चालेल. पण उद्या पाचला उठशील? मैदानावर एकटीला आई सोडत नाही."

तेव्हापासून पहाटे आम्ही दोघी दशहरा मैदानावर जातो. ती धावते, मी कट्ट्यावर बसते. अधूनमधून मी जोरात एखादा विषय सांगते, मोबाइल, पाणीटंचाई, सिंहस्थाची गर्दी, काहीही, आणि तिने धावता धावता माझ्यावर आवाज चढवून आपला मुद्दा मांडायचा, असा सराव चालतो. फिरायला येणारी माणसं बघतात. वर्षातून दोनदा परीक्षा असते, पुढची लेखी जवळ आली आहे. वहिनी अजून 'हो' म्हणालेली नाही, पण काल रात्री तिने विचारलं की भोपाळची गाडी सकाळी किती वाजता असते.

माझ्याकडे दोन लिटरची पाण्याची बाटली आणि दादाचं जुनं घड्याळ दिलेलं आहे. भाचीने माझा हुद्दाही ठरवला आहे, पखालजी. नालबंदाची जागा रिकामी आहे, कारण बुटाचा तळ सुटलाय आणि दादा फ्रीगंजला जाऊन शिवून आणतो म्हणून आठ दिवस झाले.