‘माझ्याकडे आहे’ आणि फ्रेंच ‘आव्वार’

पुढील तीन वाक्ये पाहा. माझ्याकडे सायकल आहे. मला दोन बहिणी आहेत. गाईला शिंगे असतात.

तिन्ही वाक्यांत कुणाकडे काय आहे हे सांगितले आहे. पण क्रियापद एकच – ‘असणे’. सायकल ‘आहे’, बहिणी ‘आहेत’. ज्याच्या त्या आहेत तो मात्र ‘कडे’ किंवा ‘ला’ लावून बाजूला उभा आहे. म्हणून क्रियापद वस्तूप्रमाणे बदलते: मला भाऊ होता, बहीण होती, दोन बहिणी होत्या.

फ्रेंचमध्ये याच्या उलट घडते. तिथे या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद आहे – ‘आव्वार’. ज्याच्याकडे वस्तू आहे तो वाक्याचा कर्ता होतो आणि क्रियापद त्याच्यामागे जाते. वस्तू एक असो वा दहा, क्रियापदाला फरक पडत नाही. वर्तमानकाळाची रूपे अशी:

झे – माझ्याकडे आहे
त्यू आ – तुझ्याकडे आहे
इल आ, एल आ – त्याच्याकडे, तिच्याकडे आहे
नू जावों – आमच्याकडे, आपल्याकडे आहे
वू जावे – तुमच्याकडे आहे
इल जों, एल जों – त्यांच्याकडे आहे

‘झे’मधला झ इंग्रजी ‘ट्रेझर’मधल्यासारखा, तर ‘जों’मधला ज ‘बाजार’मधल्यासारखा म्हणावा. ‘झे’ हे ‘झ’ (मी) आणि ‘ए’ यांचे जोडरूप आहे. अनेकवचनातला ‘ज’ मात्र क्रियापदाचा नाही. ‘नू’, ‘वू’, ‘इल’ या सर्वनामांच्या शेवटी लिहिला जाणारा आणि एरवी न उच्चारला जाणारा ‘स’ पुढे स्वर आला की ‘ज’ होऊन ऐकू येतो. हा ज फार मोलाचा आहे. ‘इल जों’ म्हणजे ‘त्यांच्याकडे आहे’, तर ‘इल सों’ म्हणजे ‘ते आहेत’! एका व्यंजनाने अर्थ बदलतो. म्हणून ही रूपे नुसती लिहून न घेता मोठ्याने म्हणवून घ्यावीत.

‘आव्वार’चा वापर वस्तूंपुरता नाही. आपल्याला भूक ‘लागते’. फ्रेंच माणसाकडे भूक ‘असते’ – झे फँ. आपण दहा वर्षांचे ‘असतो’. त्याच्याकडे दहा वर्षे ‘असतात’ – झे दी जाँ. इंग्रजीतून भाषांतर करणारा विद्यार्थी इथे हमखास ‘असणे’चे रूप वापरतो आणि चुकतो.

आता भूतकाळ पाहू. ‘मी चिठ्ठी लिहिली’ हे फ्रेंचमध्ये ‘झे एक्री ला लेत्र’. इथे ‘झे’ साहाय्यक क्रियापद झाले आहे. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणायचे असेल तर ‘ला लेत्र क झे एक्रीत’. ‘एक्री’चे ‘एक्रीत’ का झाले? लेत्र हा शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि कर्म आधी आले की हे धातुसाधित कर्माचे लिंग-वचन घेते. पुष्कळ विद्यार्थ्यांना हा नियम विचित्र वाटतो. मराठी मुलाला तो वाटू नये. ‘मी चिठ्ठी लिहिली, मी लेख लिहिला’ म्हणताना तोही क्रियापद कर्माप्रमाणेच बदलत असतो.

हे साम्य कशामुळे? फ्रेंच लॅटिनमधून आली. लॅटिनमध्ये ‘माझ्याजवळ लिहिलेले पत्र आहे’ अशा अर्थाची रचना होती. त्यात ‘लिहिलेले’ हे पत्राचे विशेषण, म्हणून पत्राचे लिंग-वचन घेणारे. पुढे या रचनेचाच भूतकाळ झाला. मराठीचा ‘लिहिली’देखील संस्कृतातल्या ‘मया लिखितम्’सारख्या धातुसाधिताच्या रचनेतून आला आहे. शिवाय लॅटिनमध्ये ‘मिही लिबेर एस्त’, म्हणजे शब्दशः ‘मला पुस्तक आहे’, असेही म्हणत. म्हणजे आपली पद्धत तिथेही होती. फ्रेंचमध्ये दुसरी रुळली.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ हे वाक्य मुलांना आपापल्या घरच्या भाषेत फळ्यावर लिहायला सांगा. प्रत्येक वाक्यात कर्ता कोण, माणूस की पुस्तक, हे त्यांनाच शोधू द्या. मग ‘आव्वार’ शिकवा. सहा रूपे पाठ करावी लागतीलच, पण ती कशासाठी हे मुलांना आधी कळलेले असेल.