तेलकट कपाळ आणि जाळीचा टोप

मे महिन्याच्या अखेरीस मुरुडला एका आगरात गेलो होतो. पाऊस तोंडावर आला होता आणि सुपारीवर कोळे रोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी उरकून घ्यायची होती. काम झाल्यावर पडवीत कोकम सरबत घेत बसलो. घरचा मुलगा, वय अठ्ठावीसच्या आसपास, डोक्याला पंचा गुंडाळून खाली मान घालून बसला होता. आई आत गेली तसा हळूच म्हणाला, "काका, औषध पानावर धरावं म्हणून तुम्ही त्यात स्टिकर घालता ना? तसं काही माणसाच्या कपाळाला लावता येतं का हो?"

मला आधी थट्टा वाटली. पण त्याने पंचा सोडला. पुढचे केस गेलेले, कपाळाच्या वरच्या कडेने लाल पट्टा उठलेला आणि त्यावर दोन ठिकाणी फोड.

हकिगत अशी. मुंबईत नोकरीला असताना त्याने जाळीचा टोप करून घेतला होता. थंड हवेच्या कचेरीत त्याची पट्टी आठ आठ दिवस धरायची. पुढे वडिलांचे गुडघे गेले, म्हणून आगर सांभाळायला तो गावी आला. इथल्या उकाड्यात तीच पट्टी दुपारपर्यंत सुटू लागली. एकदा तर भर बाजारात पुढची कड वर आली. मग त्याने महिनाभर टिकणारा कडक गोंद आणला. गोंद टिकला, पण कातडी टिकली नाही. आणि चार दिवसांनी मुलगी बघायला जायचे ठरले होते.

बंधू-भगिनींनो, यात हसण्यासारखे काही नाही. खोटे केस आपल्याला नवे नाहीत. आपल्या आज्या अंबाड्यात गंगावन घालीत. शिमग्याला नमनात गौळणीचे सोंग घेणारे पुरुष केसांचा टोप घालतात. तरुणपणी गावच्या नाटकात मीही मिशी लावून उभा राहिलो होतो. राळ स्पिरिटात विरघळवून केलेला गोंद ओठावर लावला होता. दुसऱ्या अंकात घामाने मिशी सुटली आणि मी उरलेला अंक ओठावर बोट धरून काढला. तेव्हापासून चिकटण्याचे शास्त्र मला जरा कळते. बाकीचे तालुक्याच्या त्वचारोग डॉक्टरांना विचारून घेतले आहे.

जाळी म्हणजे काय?

हल्ली ज्याला हेअर पॅच म्हणतात, त्यात एक बारीक जाळी असते. तिच्या एकेका छिद्राला सुईने केस गाठवलेला असतो. हे केस पुष्कळदा आपल्याच देशातले असतात. तिरुपतीला भाविक जे केस अर्पण करतात, त्यांचा लिलाव होतो आणि ते जगभर टोपांसाठी जातात. जाळी इतकी पातळ असते की कपाळाची कातडी आरपार दिसते, म्हणून पुढची केसांची रेषा खरी वाटते. पण याच छिद्रांतून मऊ गोंद वर येतो, त्यावर धूळ बसते आणि केसांचा चिकटा होतो. काही टोपांना पुढे जाळी आणि बाजूंनी व मागे पातळ प्लास्टिकची कड असते. त्या कडेवर पट्टी चांगली बसते आणि सहज निघते. तेलकट कातडीच्या माणसाने नवा टोप करताना अशी कड मागून घ्यावी.

पट्टी सुटते का?

अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण पानावर मेणासारखा थर असतो. तसेच कपाळाचे आहे. कातडीतल्या तैलग्रंथी सतत थोडे तेल सोडतात आणि कपाळावर ते जास्त असते. हे तेल पट्टीच्या चिकात शिरते आणि त्याला मऊ करते. घाम वेगळ्या ग्रंथींतून येतो. तो पट्टी खालून उचलतो. कोकणच्या दमट हवेत हा घाम वाळतही नाही. म्हणजे पट्टीचे शत्रू दोन, तेल आणि घाम. जास्त कडक गोंद हे त्यावर उत्तर नव्हे. पानावर मेण आहे म्हणून आपण औषध दुप्पट करीत नाही, केले तर पान करपते.

पट्टी कशी निवडावी?

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या या पट्ट्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. रबरी चिकाची पट्टी लावताक्षणी धरते, पण तेलाने लवकर बिघडते. अ‍ॅक्रिलिक चिकाची पट्टी पूर्ण धरायला वेळ घेते, पण तेलापाण्याला जास्त दाद देत नाही. तेलकट कपाळाला दुसरी बरी. ती रात्री लावावी म्हणजे सकाळपर्यंत धरते.

पुढच्या जाळीखाली पट्टी पातळ आणि बिनचकाकीची हवी, नाहीतर ती छिद्रांतून चमकते. बाजूंना जरा जाड चालते.

महिनाभर टिकणारी पट्टी मागू नये. दोन-तीन दिवसांनी बदलता येईल अशी घ्यावी. टोप बसलेला असताना खालचे तेल धुता येत नाही. ते साचते, कुजका वास येतो, खाज सुटते. वारंवार काढून धुतलेले कपाळच पट्टी नीट धरते.

कागद चिकटवायची पट्टी, लाकडाचा गोंद किंवा क्षणात चिकटणारा गोंद कपाळाला कधीही लावू नये.

नवी पट्टी आणली की तिचा लहान तुकडा हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे. खाज किंवा लाली आली तर ती पट्टी आपली नव्हे. राळेच्या गोंदाचीही काहींना बाधा होते.

लावण्याची रीत

आधी साध्या साबणाने कपाळ धुऊन कोरडे करावे. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल स्पिरिटाने, सत्तर टक्क्यांचे चालते, पट्टीची जागा पुसावी. हे स्पिरिट पेट घेते, म्हणून चूल, गॅस आणि विडीपासून लांब बसावे. जागा पूर्ण वाळू द्यावी. पंख्याखाली पाच-दहा मिनिटे बसून घाम थांबल्यावरच पुढचे काम करावे.

पट्टी एका लांब तुकड्यात लावू नये. छोटे तुकडे करून मधे बोटाच्या पेराएवढी फट ठेवावी. शेतात आपण पाण्याला चर काढतो, तशी घामाला वाट हवी. चिकट बाजूला बोट लावू नये, कारण बोटांनाही तेल असते. टोप बसवल्यावर मिनिटभर दाबून धरावा.

खोबरेलाचा मोह आवरावा. उरलेल्या केसांना तेल लावायचे तर टोप काढलेल्या रात्री लावावे आणि सकाळी धुऊन टाकावे. फवारणी करताना, माडावर चढताना आणि समुद्रात उतरताना टोप काढून ठेवावा. औषधाचे तुषार जाळीत बसले तर ते कपाळालाच लागत राहतात.

काढण्याची रीत

ओढून काढू नये. ओढले की कातडी सोलते आणि जाळीच्या गाठी सुटतात. कडेला स्पिरिट किंवा पट्टी सोडवण्याचे द्रव कापसाने लावावे, दोन-चार मिनिटे थांबावे. पट्टी आपण होऊन सैल होते. मग कपाळ धुऊन रात्रभर उघडे ठेवावे. फोड, जखम, नायटा किंवा पू दिसला तर पट्टी बंद आणि आधी डॉक्टर.

कॅन्सरच्या औषधांनी ज्यांचे केस गेले आहेत, अशा भगिनींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताच चिक लावू नये. त्या दिवसांत कातडी फार नाजूक असते. मऊ सुती टोपीवर बसणारा टोप किंवा साधा रुमाल बरा. उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस परत येतात.

आणि तो मुलगा?

त्याला मी सांगितले, फोड बरे होईपर्यंत टोप नाही. तो गप्प झाला. वडील म्हणाले, "साहेब, उघड्या डोक्याने गेला तर लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "अहो, हे महर्षी कर्व्यांचे गाव. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा याच मुरुडाने त्यांना वाळीत टाकले, आणि आज आपण पाहुण्यांना अभिमानाने त्यांचे नाव सांगतो. लोकांचे म्हणणे बदलते. कातडीवरचा व्रण मात्र राहतो."

मुलगा उघड्या डोक्यानेच गेला. टोपाची गोष्टही त्याने स्वतःच काढली. मुलीने एवढेच विचारले, "रोज रात्री काढून ठेवता येतो ना?"

तुळशीच्या लग्नानंतर त्यांचे लग्न झाले. परवा फवारणीच्या पंपाची नळी बघायला गेलो, तेव्हा टोप माजघरातल्या खुंटीवर उघड टांगलेला होता आणि मुलगा डोक्याला पंचा बांधून आगरात काम करीत होता. कपाळ स्वच्छ होते. सूनबाई म्हणाली, "काका, आज पट्टी बदलायचा दिवस. संध्याकाळी हळदीकुंकवाला जायचंय, मीच लावून देणार आहे."