इंग्रजी सर्वनामांचे प्रकार व अध्यापन

नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम, ही शालेय व्याख्या इंग्रजीच्या अध्यापनात अपुरी पडते. ‘आय’ व ‘यू’ ही सर्वनामे पूर्वी आलेल्या कोणत्याही नामाची जागा घेत नाहीत. बोलणारा व ऐकणारा यांचा ती थेट निर्देश करतात. ‘हू’ ह्या प्रश्नार्थक सर्वनामामागचे नाम तर उत्तर मिळेपर्यंत अज्ञातच असते. सर्वनामाचा प्रकार त्यामुळे शब्द पाहून नव्हे, तर वाक्यातील त्याचे कार्य पाहून ठरवावा लागतो.

मराठी व्याकरणातील पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, अनिश्चित व आत्मवाचक हे प्रकार विद्यार्थ्यास परिचित असतात. इंग्रजीत त्यांखेरीज स्वामित्वदर्शक (‘माइन’, ‘यूअर्स’), परस्परवाचक (‘ईच अदर’) व एकेकाचा निर्देश करणारी (‘ईच’, ‘आयदर’) सर्वनामे सामान्यतः वेगळी मानतात. प्रकारांच्या संख्येविषयी व्याकरणकारांत एकवाक्यता नाही आणि ती पाठ करून घेण्यात फारसे हशीलही नाही. ‘दॅट इज माय हाउस’ ह्या वाक्यात ‘दॅट’ दर्शक सर्वनाम आहे. ‘दॅट हाउस’ मध्ये तोच शब्द नामाचे विशेषण होतो, तर ‘द हाउस दॅट ही बिल्ट’ मध्ये तो दोन वाक्ये जोडतो. यादी पाठ केलेला विद्यार्थी नेमका येथेच अडतो.

मराठी भाषिकांच्या खऱ्या अडचणी दोन्ही भाषांतील भेदांतून उद्भवतात. मराठीत खुर्चीही ‘ती’ असते; इंग्रजीत निर्जीव वस्तूस सहसा ‘इट’ योजतात. आजोबांविषयी बोलताना मराठीत आदरार्थी ‘ते’ येते. त्याचे शब्दशः ‘दे’ केल्यास अनेक आजोबांचा भास होतो. तू, तुम्ही व आदरार्थी आपण या तिन्हींना आधुनिक प्रमाण इंग्रजीत ‘यू’ हे एकच सर्वनाम आहे. एकवचनी ‘दाउ’ नित्याच्या वापरातून मागे पडले. ऐकणाऱ्यास वगळणारे ‘आम्ही’ व त्यास सामावून घेणारे ‘आपण’ हा भेदही ‘वी’ मध्ये लोपतो. ‘रामाने आपली वही आणली’ व ‘रामाने त्याची वही आणली’ ह्या वाक्यांतील फरक इंग्रजीतील ‘हिज’ दाखवू शकत नाही. ‘हिज ओन’ असे म्हणून तो स्पष्ट करावा लागतो. (इंग्रजीतील कर्मरूप ‘मी’ आणि मराठीतील कर्ता ‘मी’ यांचे उच्चारसाम्य लक्षात घेता आरंभीची उदाहरणे जपून निवडलेली बरी.)

संबंधी सर्वनामास सर्वाधिक वेळ द्यावा. मराठीत ‘जो’ नंतर ‘तो’ येतो. त्या सवयीने विद्यार्थी ‘द बॉय हू केम, ही इज माय ब्रदर’ असे लिहितो. अशा वेळी ‘द बॉय केम’ व ‘द बॉय इज माय ब्रदर’ ही दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत, पहिल्यातील ‘द बॉय’ च्या जागी ‘हू’ घालावे आणि तो भाग दुसऱ्या वाक्यातील ‘द बॉय’ ला लगेच जोडून दाखवावा. ‘ही’ ला जागा उरत नाही, हे विद्यार्थ्याच्या सहज ध्यानी येते.