पदवी आहे म्हणजे शिकवता येतं का? केंब्रिजमध्ये शिक्षक-प्रशिक्षण कसं सुरू झालं?

गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळवलेला माणूस फळ्यासमोर उभा राहतो आणि सगळं वर्गाच्या डोक्यावरून जातं. हा अनुभव बऱ्याच जणांनी घेतला असेल. विषय येणं वेगळं आणि तो शिकवता येणं वेगळं. पण हे पटायला केंब्रिज विद्यापीठालाही बराच काळ लागला.

आधी काय होतं?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शिक्षकांचे दोन वर्ग होते. श्रीमंतांच्या शाळेत शिकवायला ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी पुरे, प्रशिक्षणाची गरज नाही. गरिबांच्या शाळेत मात्र तेरा-चौदा वर्षांची मुलंच उमेदवारी करत शिकवायची. त्यातली काही पुढे ट्रेनिंग कॉलेजात जायची. ही कॉलेजं बहुतेक चर्चची आणि निवासी होती. विद्यापीठाशी त्यांचा संबंध नव्हता.

मग बदल कशामुळे झाला?

1870 च्या कायद्याने प्राथमिक शाळा झपाट्याने वाढल्या आणि शिक्षक कमी पडू लागले. 1879 मध्ये केंब्रिजने एक समिती नेमली. मानसशास्त्र, शिक्षणाचा इतिहास आणि अध्यापन यांवर व्याख्यानं ठेवली, परीक्षाही घेतली. पण पदवीधर पुरुष तिकडे फारसे फिरकले नाहीत. परीक्षेला बसल्या त्या बहुतेक स्त्रियाच.

गंमत म्हणजे याच विद्यापीठात स्त्रियांना पदवी मिळत नव्हती! ती मिळायला 1948 उजाडावं लागलं. तरी 1885 मध्ये एलिझाबेथ ह्यूज यांनी 14 विद्यार्थिनींना घेऊन स्त्रियांसाठी वेगळं ट्रेनिंग कॉलेज चालू केलं. तेच आजचं ह्यूज हॉल.

फक्त 3 विद्यार्थी

1890 मध्ये सरकारने विद्यापीठांना ‘डे ट्रेनिंग कॉलेज’ काढायची परवानगी दिली. म्हणजे विद्यापीठात पदवीचा अभ्यास करायचा आणि सोबतच स्थानिक शाळेत प्रत्यक्ष शिकवायचं. चर्चच्या वसतिगृहात राहण्याची अट नाही. 1891 मध्ये केंब्रिजचं असं कॉलेज सुरू झालं, तेव्हा विद्यार्थी होते अवघे 3. प्रमुख होते ऑस्कर ब्राउनिंग. प्राथमिक शिक्षक होऊ पाहणारी साध्या घरातली मुलं आता केंब्रिजच्या पदवीपर्यंत पोहोचू शकत होती.

ते रोपटं वाढत गेलं. 2001 मध्ये होमर्टन हे जुनं शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजही त्यात सामील झालं आणि आजची शिक्षणशास्त्र विद्याशाखा उभी राहिली.

आपल्याला याचं काय?

शिक्षक वेगळ्या कॉलेजात घडवायचे की विद्यापीठात, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक-प्रशिक्षण अनेक विषय शिकवणाऱ्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत नेण्याचं ठरवलंय. पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा चार वर्षांचा कोर्स हा त्याचाच भाग.

पण नुसती जागा बदलून भागत नाही. 1879 मध्ये केंब्रिजकडे व्याख्यानं होती, परीक्षा होती. नव्हता तो मुलांनी भरलेला वर्ग. तो मिळाला तेव्हाच खरं प्रशिक्षण सुरू झालं.